गुरांच्या कातड्यातलं कोलॅजन उकळलं की विरघळतं, आणि चप्पल झाली की टिकतं, असं का?

पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, पुस्तकात लिहिलंय की टाइप वन कोलॅजन हे गुरांच्या शरीरातलं सगळ्यात दणकट प्रोटीन, कंडरा, हाड, कातडी सगळं त्याचंच. मग पाय काही तास उकळले की त्याचं चिकट पाणी का होतं? आणि तसल्याच कातड्याची कोल्हापुरी चप्पल वर्षानुवर्षं कशी टिकते? शिवाय आईने आणलेल्या पावडरच्या डब्यावर 'बोवाइन कोलॅजन टाइप १ आणि ३' लिहिलंय, त्यात काही दम आहे का?"

चांगला प्रश्न आहे, म्हणजे परीक्षेत कुणी विचारणार नाही असा, म्हणूनच चांगला. मी मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करतो, बायोकेमिस्ट्रीचा प्राध्यापक नाही, पण टाके घालणं, अडलेली गाय सोडवणं, मोडलेला पाय बांधणं या सगळ्यात रोज हाताखाली येतं ते कोलॅजनच, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. एका वाक्यात पाहिजे असेल तर असं की कोलॅजनचा दणकटपणा एकट्या रेणूत नसतोच, रेणू एकमेकांना किती ठिकाणी आणि कशाने बांधलेत त्यावर सगळं आहे, आणि किती बांधलंय हे बघायचं सगळ्यात सोपं माप म्हणजे ते किती तापमानाला सुटतं. तापमानाचे पुढे येणारे चार-पाच आकडे लक्षात ठेवलेस तर तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच येतात.

आधी रेणू बघू. टाइप वनच्या एका रेणूत तीन साखळ्या असतात, दोन अल्फा-वन आणि एक अल्फा-टू. गायीत अल्फा-वनचं जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आणि अल्फा-टूचं ४ नंबरच्या, म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी बनलेला माल पेशीत एकत्र येऊन बरोबर दोनास एक या प्रमाणात जुळतो. प्रत्येक साखळीत मधला पिळाचा भाग १०१४ अमिनो आम्लांचा, आणि त्यात दर तिसरं ग्लायसिन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही खंड न पडता ३३८ वेळा. उरलेल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन. पूर्ण रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि फक्त दीड नॅनोमीटर जाड.

गोठ्यातलं दावं हातात घे आणि थोडं उलगडून बघ. प्रत्येक पेडाचा स्वतःचा पीळ एका बाजूला असतो आणि तीन पेड एकत्र वळलेत ते उलट्या बाजूला, म्हणून गाय ओढायला लागली की दावं सुटायच्या ऐवजी आणखी आवळतं. कोलॅजनमध्ये हेच आहे, प्रत्येक साखळी डावीकडे वळलेली आणि तीन मिळून उजवीकडे. आणि ग्लायसिनच का, तर तिन्ही साखळ्या जिथे मध्ये येऊन टेकतात तिथे जागाच इतकी कमी की फक्त एका हायड्रोजनचा अणू मावतो, आणि बाजूला नुसता हायड्रोजन असलेलं अमिनो आम्ल एकच आहे. ही रचना पहिल्यांदा मांडली ती जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, मद्रास विद्यापीठात, १९५४ साली, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे एक्स-रे फोटो घेऊन. पुढच्या वर्षी त्यात सुधारणा झाली, तीन साखळ्या एकमेकींभोवती वळवल्या गेल्या, नंतर रिच आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे दोन नाही तर एक असं म्हटलं आणि तेच टिकलं. पण मूळ तिपेडी कल्पना मद्रासची. हे आपल्याकडच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही आणि मला त्याचा दरवेळी राग येतो.

आता तापमान. साखळीतल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवलंच नाही, तर तिपेडी पीळ साधारण २४ अंशालाच सुटतो. गायीचं अंग असतं साडेअडतीस अंश. म्हणजे तो रेणू तिच्या शरीरात टिकूच शकत नाही. हायड्रॉक्सिल बसलं की हाच आकडा ४० च्या आसपास जातो, म्हणजे बघ, नीट बनलेला एकटा रेणूसुद्धा अंगाच्या तापमानाला जेमतेमच तग धरून असतो. (थंड समुद्रातल्या कॉड माशाच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सीप्रोलिन कमी असतं आणि ते साधारण १५ अंशालाच सुटतं, म्हणून त्या माशांचं जिलेटिन नीट घट्ट होत नाही.) हे हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, ऑक्सिजन लागतो आणि व्हिटॅमिन सी लागतं. माणसाला सी बाहेरून घ्यावं लागतं म्हणून आपल्याला स्कर्व्ही होतो, हिरड्या सुजून रक्त येतं, जुनी जखमसुद्धा परत उलते. गाय लिव्हरमध्ये ग्लुकोजपासून सी स्वतः बनवते, त्यामुळे मोठ्या जनावराला सीचं इंजेक्शन "ताकद येईल" म्हणून मारणारे आपले काही मित्र आहेत त्यांच्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. अगदी लहान वासरं मात्र पहिले काही आठवडे ते पुरेसं बनवू शकत नाहीत, चीक आणि दूध यावरच त्यांचं भागतं. चीक वेळेवर पाजा असं आपण बोंबलून सांगतो ते अँटीबॉडीसाठी, पण हेही त्यातच येतं.

रेणू पेशीच्या बाहेर पडतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जास्तीचे तुकडे असतात, त्याला प्रोकोलॅजन म्हणायचं. हे तुकडे असतात म्हणून तो पेशीच्या आत असतानाच एकमेकांना चिकटून गोळा होत नाही. बाहेर आल्यावर दोन वेगळी विकरं ते छाटतात आणि मग रेणू आपोआप शेजारी शेजारी रचले जातात, पण सरळ रांगेत नाही, प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कंडरा बघितलीस की आडवे पट्टे दिसतात ते याचेच. आणि एकाच रांगेत एकामागे एक येणाऱ्या दोन रेणूंच्या टोकांमध्ये पस्तीस-चाळीस नॅनोमीटरची फट राहते. हाडात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसायला सुरुवात होते ती या फटींमध्ये. खात्री करायची असेल तर कोंबडीचं नळीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेव, मधे एकदोनदा व्हिनेगर बदल, खनिज निघून जातं आणि हाड हाताने वाकतं, ते जे उरतं ते कोलॅजन. उलट हाड चुलीत जाळ, कोलॅजन जळून जातं, आकार तसाच राहतो पण बोटाने दाबलं की भुगा. हाड नुसतं खनिजाने टणक होतं, चिवट होतं ते कोलॅजनमुळे, आणि मिल्क फीव्हरच्या (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरून होणाऱ्या आजाराच्या) नादात सगळी चर्चा कॅल्शियमचीच होते.

प्रोकोलॅजनची टोकं छाटण्याचं काम बिघडलं तर काय होतं हे जगाला पहिल्यांदा गुरांनीच दाखवलं. बेल्जियममध्ये १९७० च्या आसपास काही वासरांची नोंद झाली, जन्मतःच कातडी इतकी कच्ची की धरून उचललं तरी फाटायची. आजाराचं नाव डर्मॅटोस्पॅरॅक्सिस. पुढच्या टोकाचा तुकडा छाटणारं विकर त्यांच्यात काम करत नव्हतं, त्यामुळे रेणू रचताना तो तुकडा मध्ये येत राहिला आणि गोल धाग्यांच्या ऐवजी वेड्यावाकड्या पट्ट्या तयार झाल्या. कोलॅजन भरपूर, त्याचा क्रमही अगदी बरोबर, हायड्रॉक्सिलही बसलेलं, फक्त रचना चुकली आणि कातडी गेली. माणसाच्या बाळांत हाच आजार सापडला तो १९९२ मध्ये, आणि जीनमधला नेमका बिघाड, गुरांचा आणि माणसाचा दोन्ही, १९९९ मध्ये. म्हणजे इथे गायीवरून माणसाचं निदान झालं. कुणी तुला "ढोरांचा डॉक्टर" म्हटलं तर हे उदाहरण पाठ असू दे.

दुसरा बिघाड ग्लायसिनच्या जागी. हजारभर अमिनो आम्लांतलं एक ग्लायसिन बदललं तरी पीळ तिथे अडतो. आणि हिशोब बघ, अल्फा-वनच्या दोनपैकी एका प्रतीत दोष असेल तर निम्म्या साखळ्या खराब, पण एका रेणूत अल्फा-वन दोन लागतात, त्यामुळे दोन्ही चांगल्या मिळायची शक्यता पाव, म्हणजे चारातले तीन रेणू बिघडलेले. म्हणून एकच प्रत खराब असली तरी आजार जोरात दिसतो. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, हाडं ठिसूळ, दात गुलाबीसर आणि अर्धपारदर्शक, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक. ऑस्ट्रेलिया आणि टेक्सासमधल्या गुरांत याचा चांगला अभ्यास झालाय. होल्स्टीनमध्ये कूर्चेच्या टाइप टू कोलॅजनचं जीन बिघडून 'बुलडॉग' वासरं जन्मल्याच्याही नोंदी आहेत, त्यातला गोंधळ असा की वळू स्वतः दिसायला ठणठणीत, बिघाड फक्त त्याच्या काही बीजपेशींत. कृत्रिम रेतनात एका वळूची हजारो वासरं होतात हे लक्षात घे, म्हणून अशी वाकडीतिकडी मेलेली वासरं दिसली की नुसतं पुरून मोकळं होऊ नये, सीमेनचा स्ट्रॉ नंबर लिहून ठेवावा. शेतकरी म्हणतो ग्रहणात गाय बाहेर होती. होती तर होती, नंबर लिही.

आता मुख्य गोष्ट, बांधणी. रेणू रचले गेले तरी ते अजून नुसते शेजारी शेजारी असतात. लायसिल ऑक्सिडेझ नावाचं विकर टोकाजवळच्या लायसिनवर काम करतं आणि मग शेजारच्या रेणूशी पक्का सहसंयुज बंध तयार होतो. या विकराला तांबं लागतं. तांबं कमी पडलं, किंवा चाऱ्यात मॉलिब्डेनम-सल्फर जास्त असल्यामुळे अंगी लागलं नाही, तर वाढत्या वासरांत हाडं कमजोर होतात, सांधे जाड दिसतात. आणि बाहेरून ओळखायची खूण म्हणजे डोळ्याभोवतीचा केस फिका पडतो, चष्मा घातल्यागत, काळं जनावर तांबूस दिसायला लागतं, कारण रंग बनवणारं विकरही तांब्यावरच चालतं. केसाचा रंग बघून आतल्या कोलॅजनचा अंदाज घेता येतो. मिनरल मिक्श्चरची पिशवी गोठ्यात टांगलेली असते आणि खाऊ कुणी घालत नाही, ही आपल्याकडची रीत आहे.

ही बांधणी झाली की सुटण्याचं तापमान ४० वरून ६० ते ६५ अंशावर जातं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. पाय उकळतोस तेव्हा पाणी १०० अंशावर आहे, म्हणजे ६५ च्या खूप वर. आधी पीळ सुटतो, कंडरा आखडून बरीच आखूड आणि रबरासारखी होते, मग तासन्‌तास उकळत राहिलं की बांधणारे बंध आणि साखळ्याही मधेमधे तुटतात आणि सुटे तुकडे पाण्यात उतरतात. तेच जिलेटिन. गार झालं की काही तुकडे परत थोडाथोडा पीळ धरायला बघतात आणि मध्ये पाणी अडकतं, म्हणून रस्सा थिजतो. पण मूळ कोलॅजन परत होत नाही ते नाहीच.

यातच वयाची गोष्ट येते. वासराच्या कोलॅजनमधले बंध कच्चे असतात, दोन रेणूंना जोडणारे, उष्णतेने सुटणारे. वय वाढतं तसे त्यातले बरेच पक्के होतात, तीन साखळ्यांना एकत्र धरणारे आणि उष्णतेला दाद न देणारे. म्हणून म्हाताऱ्या म्हशीचं मटण कितीही शिजवलं तरी चिवट लागतं. लोकांना वाटतं म्हातारपणी कोलॅजन वाढतं. तसं फारसं नसतं, असलेलंच पक्कं होतं. मांसात कोलॅजन किती हे लॅबवाले मोजतात ते हायड्रॉक्सीप्रोलिन मोजून आणि त्याला साधारण ८ ने गुणून, कारण दुसऱ्या प्रोटीनमध्ये ते जवळजवळ नसतंच.

आता बांधलेलं सोडवायचं कसं, कारण शरीराला तेही लागतं. गाभण गाय व्यायला आली की शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, हे तुला कुठलाही गवळी सांगेल. एरवी तिथे हात लावला तर कडक कड लागते, ती माकडहाडापासून बसायच्या हाडापर्यंत जाणारी बंधनी, जवळजवळ सगळी कोलॅजनची. विण्याच्या आधी एक-दोन दिवसांत ती हाताला लागेनाशी होते, दाबलं की बोटं आत जातात. इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांच्या हुकमाने तिथलं कोलॅजन ढिलं पडतं, पाणी शिरतं. गर्भाशयाच्या तोंडाचंही तेच. मी अडलेली गाय बघायला गेलो की आधी हात घालत नाही, आधी तिथे चाचपतो, कड अजून ताठ असेल तर घाई करायची नाही, मालक कितीही ओढा म्हणाला तरी.

हे सोडवणारं विकर म्हणजे कोलॅजनेज, आणि त्याची तऱ्हा मला फार आवडते. ते तिपेडी पिळाला पूर्ण चावत बसत नाही, एका ठरलेल्या जागी तिन्ही साखळ्या तोडतं, पाऊण आणि पाव असे दोन तुकडे. बस. त्या तुकड्यांना अंगाचं तापमान सोसत नाही, ते स्वतःच उलगडतात आणि मग बाकीची विकरं त्यांचा फडशा पाडतात. ४० अंश हा आकडा इतका काठावर का आहे ते आता कळतं, तो वर असता तर जुनं कोलॅजन काढून नवं घालणं गायीला जमलंच नसतं. व्यायल्यावर जार (वार) अडकते त्यातही हे एक कारण असतं, गर्भाशयाच्या बाजूच्या गाठी आणि जारेच्या गाठी यांच्यामधलं कोलॅजन वेळेवर सुटत नाही. नाळेच्या रक्तवाहिनीतून कोलॅजनेज सोडून जार सुटते का याचे परदेशात प्रयोगही झालेत. आपल्या गोठ्यात ते परवडणारं नाही, पण निदान ओढून काढू नका एवढं तरी त्यातून शिकावं. सुटलेलंच नाही ते ओढलं की फाटणारच.

आणि चप्पल. सर्जरीच्या ट्रेमध्ये कॅटगट, म्हणजे अंगात विरघळणारा टाक्यांचा दोरा, बघितलायस ना, साधं आणि क्रोमिक. दोन्ही आतड्याच्या थरातलं कोलॅजनच, मेंढीचं किंवा गुरांचं. साधं कॅटगट आठ-दहा दिवसांत ताकद सोडतं कारण अंगातली विकरं ते खातात. क्रोमिक दोन-तीन आठवडे धरतं, कारण त्याला क्रोमियमच्या क्षारात मुरवलेलं असतं. टॅनरीतलं क्रोम लेदर हेच, फक्त तिथे क्रोमियम बरंच जास्त. क्रोमियम शेजारच्या साखळ्यांच्या आम्लगटांना धरून ठेवतं आणि सुटण्याचं तापमान १०० च्या वर जातं, चांगलं क्रोम लेदर उकळत्या पाण्यातसुद्धा आखडत नाही.

कोल्हापुरीचं चामडं पारंपरिक पद्धतीने क्रोमचं नसतं, बाभळीची साल आणि हिरडा. त्याआधी कातडं चुन्यात टाकतात. चुन्याने केस निघतात पण कातडं राहतं, हे कसं, तर केसाचं केराटिन गंधकाच्या बंधांवर उभं असतं आणि चुन्यात ते बंध तुटतात, टाइप वन कोलॅजनच्या पिळात गंधकाचे असे बंध नसतातच, त्यामुळे ते फुगतं पण वाचतं. मग साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं बरेच दिवस मुरतं, त्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) धाग्यांच्या मधे शिरून जागोजागी हायड्रोजन बंधांनी चिकटतात, पाणी हटवतात. सुटण्याचं तापमान जातं सत्तर ते पंचाऐंशीच्या दरम्यान, क्रोमइतकं नाही. पण चपलेला उकळायचं नसतं, कुजायचं नसतं. टॅनिन बसलेल्या धाग्यावर जंतूंच्या विकरांना तोंड घालायला जागा मिळत नाही, म्हणून ती टिकते. सतत भिजत ठेवलीस तर मात्र टॅनिन थोडंथोडं धुऊन निघतं आणि चप्पल कडक होते. पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नये म्हणतात ते बरोबरच आहे, आणि मोठ्या हौसेने घेतलेला जोड जूनमध्ये चिखलात घालणाऱ्यांना बोल लावायचा तर दुकानदाराला लावू नये.

राहिली आईची पावडर. 'टाइप १ आणि ३' म्हणजे ती बहुतेक कातड्यापासून केलेली, कातड्यात टाइप वनबरोबर टाइप थ्री असतं, कोवळ्या जनावरात जास्त. जखम भरतानाही आधी थ्री येतं आणि मागून वन त्याची जागा घेतं. बोवाइन म्हणजे गाय का म्हैस हे मात्र डब्यावरून कळेलच असं नाही, घरात त्याचं वावडं असेल तर आधीच चौकशी करा. पण पावडर करताना आधी जिलेटिन आणि मग विकरांनी आणखी बारीक तुकडे केलेले असतात, पीळ नाही, रचना नाही, बंध नाहीत. तेव्हा टाइप कुठला याला फारसा अर्थ उरत नाही. पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं होतात आणि काही दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे तसेच रक्तात उतरतात, हे मोजलं गेलंय. गुडघेदुखीत किंवा कातडीच्या लवचिकतेत थोडा फरक दिसल्याचे अभ्यास आहेत, पण बरेच पावडर विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेले, म्हणून मी जपून बोलतो. गुडघ्यातली कूर्चा मुळात टाइप टूची, तेव्हा "गायीच्या कातडीचं थेट गुडघ्यात" असं काही होत नाही.

एक गंमत बघ, पावडरमधलं हायड्रॉक्सीप्रोलिन नवीन कोलॅजन बनवायला वापरताच येत नाही. जीनमध्ये त्याच्यासाठी संकेतच (कोडॉन) नाही. साखळीत आधी साधं प्रोलिन बसतं आणि मग जागेवरच त्याला हायड्रॉक्सिल लागतं, व्हिटॅमिन सी घेऊन. शिवाय कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन अजिबात नसतं, त्यामुळे डब्यावर "१० ग्रॅम प्रोटीन" लिहिलं असलं तरी ते दूध, डाळ, अंडं यांची जागा घेऊ शकत नाही. आईला आवडत असेल आणि परवडत असेल तर घेऊ दे, सोबत आवळा किंवा पेरू असू दे. फक्त तिला आधी मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण ते न वापरलेलं हायड्रॉक्सीप्रोलिन शरीर मोडून टाकतं आणि त्यातलं काही ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतं.